प्लग फेकण्याआधी त्याचं तोंड बघा

नवतपा सरतो, पहिल्या सरी पडतात आणि जून संपेपर्यंत अंगणातलं गवत टोंगळ्याला लागतं. मग दिवाळीपासून कोपऱ्यात पडून असलेलं लॉन मोवर बाहेर निघतं आणि दोरी ओढून खांदा दुखला तरी चालू होत नाही. गाडीही याच सुमारास सिग्नलवर मिसिंग करू लागते. दोन्हीकडे पहिला संशय स्पार्क प्लगवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर जातो, आणि तो चूक नाही. चूक होते ती जुना प्लग न बघताच कचऱ्यात टाकण्यात. आतलं जळण कसं चाललंय हे इंजिन न उघडता दाखवणारा तोच एक भाग आहे.

काढताना इंजिन पूर्ण थंड हवं. हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना जोर लावला तर प्लगसोबत आटेही निघून येतात. कॉइल किंवा वायर काढल्यावर आधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ आणि रस्त्यांच्या कामाची सिमेंटची पूड तिथे थर धरून बसते. प्लग निघाला की ती थेट सिलिंडरमध्ये पडते आणि पॉलिश पेपरसारखी भिंत घासते. सायकलचा पंपही चालतो. वायर कधी धरून ओढू नये, टोपी धरून ओढावी. पाना रबर बसवलेला प्लगचाच घ्या: मोवरला बहुतेक वेळा २१ मिमीचा, बऱ्याच नव्या गाड्यांना १६ मिमीचा लागतो. साधा पाना तिरपा बसला तर प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला केसासारखी चीर जाते. ती दिसत नाही, पण ठिणगी तिथूनच पळते. गाडीचे सगळे प्लग सिलिंडरच्या क्रमाने फडक्यावर मांडा, नाहीतर कुठला कुठला हे कळणार नाही.

आता टोक बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर जळण व्यवस्थित आहे. बोटाला लागणारी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर चोंदलाय, नाहीतर चोक अडकलाय. अशा वेळी नुसता प्लग बदलला तर नवाही थोड्याच दिवसांत काळा होतो. चिकट, तेलकट काळा थर असेल तर पिस्टनच्या रिंग किंवा वाल्व्ह सीलमधून ऑइल वर येतंय. पांढरंफटक टोक आणि त्यावर बारीक फोड दिसले, तर इंजिन जास्त तापतंय किंवा मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी आहे. मे महिन्याच्या उन्हात अशी गाडी ताणू नका, पिस्टनवर बेतू शकतं. प्लग स्वतःची उष्णता किती लवकर सोडतो ही त्याची हीट रेंज; इंजिनाला हवा त्यापेक्षा गरम रेंजचा प्लगही असाच पांढरा पडतो. इथे आकड्यांचा घोळ होतो: एनजीके कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर सोडणारा), बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. म्हणून दुकानात आकडा जुळवत बसू नका, पुस्तिकेतला पूर्ण नंबर सांगा.

मधली सुई आणि बाहेरची पट्टी यांतली फट म्हणजे गॅप; तो फिलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या पात्यांनी मोजा. मोवरला साधारण ०.७ ते ०.८ मिमी, गाडीला मॉडेलप्रमाणे ०.७ ते १.१ मिमी. साध्या निकेलच्या प्लगची बाहेरची पट्टी हलकेच वाकवून गॅप जुळवता येतो. इरिडियमच्या प्लगला हात लावू नका. मधली सुई इतकी बारीक असते की गेज अडकला तरी तुटते. सीएनजीवर मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे गॅप थोडा वाढला तरी गाडी आधी सीएनजीवर मिसिंग करते आणि पेट्रोलवर ठीक चालते. हे लक्षण ओळखीचं वाटलं तर प्लगपासूनच सुरुवात करा.

बसवताना पहिले आटे पान्याने लावू नयेत. पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर चढवा आणि त्याने फिरवा. आटा तिरपा लागला तर पाइप घसरतो, हेड वाचतं. हाताने पूर्ण बसल्यावर वॉशरचा नवा प्लग पान्याने अर्धा फेरा आवळा; तोच जुना परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा पाव फेऱ्याच्या आत थांबा. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने नकळत जास्त आवळला जातो. ढिला सोडला तर तेही वाईट, कारण प्लगची उष्णता आट्यांतून आणि वॉशरमधूनच हेडमध्ये जाते.

मोवरकडे वळा. पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढून बाजूला ठेवायची, यात सूट नाही. पातं फिरवलं की इंजिन फिरतं आणि एका ठिणगीत बोटं जातात. खालून साफ करायला आडवं करताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरची बाजू वर ठेवा. उलट केलं तर इंजिनातलं ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरतं आणि दोरी मारताच पांढरा धूर निघतो. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, थेंबभर इंजिन ऑइल चोळून पिळून घ्या.

प्लग नवा, ठिणगी चांगली, पेट्रोल ताजं, तरी चालू होत नाही आणि दोरी हाताला उलटा झटका देते? आधी आठवा, पातं दगडाला किंवा नळाच्या पाइपाला लागलं होतं का. फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्टच्या मध्ये मऊ धातूची छोटी चावी असते. ठोकर लागली की ती थोडी कापली जाते, आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडते. वर्कशॉपमध्ये यावर कार्ब्युरेटर उघडला जातो, प्लग बदलला जातो, आणि दोष तिथेच राहतो. चावी स्वस्त असते. फ्लायव्हील काढून बघायला सांगा.

हंगाम संपला की टाकीत पेट्रोल ठेवू नका. त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत गंज व चिकट थर धरतो. टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. थंड झाल्यावर प्लग काढून छिद्रात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, टोपी दूर ठेवून दोरी दोन-तीनदा सावकाश ओढा, प्लग परत लावा आणि दोरी जड लागेल तिथे थांबा. तिथे दोन्ही वाल्व्ह मिटलेले असतात, दमट हवा आत शिरत नाही.