व्हीएचएस, हँडीकॅम आणि मोबाइल: तीन आकारांचं चित्रण एका फिल्ममध्ये

लग्नाच्या पंचविशीची फिल्म होती. हाताशी व्हीएचएसवरून उतरवलेलं लग्न, हँडीकॅमच्या मिनी डीव्ही (साध्या डिजिटल) आणि एचडीव्ही (हाय डेफिनिशन) टेपा, आणि नातेवाइकांचे मोबाइलवरचे उभे व्हिडिओ. दाखवायची हॉलच्या पडद्यावर, म्हणून टाइमलाइन (एडिटिंगमध्ये क्लिप मांडायची पट्टी) १९२० बाय १०८० पिक्सेलची, सेकंदाला २५ फ्रेमची ठेवली. जुनं सगळं पाल, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या टीव्ही पद्धतीचं, म्हणून २५. मोबाइलचं ३० फ्रेमचं चित्रण त्यात सेकंदाला पाच फ्रेम गमावतं आणि कॅमेरा फिरला की किंचित अडखळतं, तेवढं चालवून घेतलं.

क्लिप टाइमलाइनवर टाकण्याआधी प्रत्येक फाइल मीडियाइन्फोमध्ये, म्हणजे फाइलचा तपशील दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून पाहिली. खरा घोळ इथेच होतो, कारण पिक्सेलच्या आकड्यावरून चित्राचा आकार कळत नाही. पाल डीव्हीची फाइल ७२० बाय ५७६ च असते, चित्र ४:३ असो की १६:९. फरक फक्त फाइलमधल्या खुणेचा. कन्व्हर्ट करताना ती खूण गळाली की १६:९ मधली माणसं शेलाटी, लांब चेहऱ्यांची दिसतात. एचडीव्हीचं त्याहून फसवं. १४४० बाय १०८० म्हणजे हिशोबाने ४:३, पण तिथले पिक्सेल १.३३ पट रुंद असतात आणि चित्र असतं १६:९. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये जाऊन पिक्सेल आस्पेक्ट रेशो (पिक्सेलच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) क्लिपनिहाय लावता येतो.

खात्रीसाठी चित्रातली गोल वस्तू शोधावी. ओवाळणीचं तबक उपयोगाचं नाही, ते तिरकं धरलेलं असतं. मी हॉलच्या भिंतीवरचं, समोरून दिसणारं घड्याळ घेतलं, स्क्रीनशॉट काढून रुंदी-उंची मोजली. दोन्ही जवळपास सारखी आली की आकार बरोबर.

व्हीएचएस आणि डीव्ही इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डांत विभागलेली असते. ते आधी डीइंटरलेस करायचं, म्हणजे पूर्ण फ्रेम बनवायच्या, मग कडा कापायच्या, मोठं करायचं सगळ्यात शेवटी. आधी मोठं केलं तर दोन्ही फील्डच्या रेषा एकमेकींत मिसळतात आणि हात हलला की दिसणारे कंगव्यासारखे दाते नंतर निघत नाहीत. डीव्हीत खालचं फील्ड पहिलं, एचडीव्हीत वरचं. हे उलटं लागलं तर हालचाल पुढे-मागे थरथरते. व्हीएचएसच्या तळाशी काही ओळी फाटलेल्या असतात आणि बाजूंना काळ्या पट्ट्या. तेवढंच कापलं.

आता ४:३ चं करायचं काय? १०८० उंचीत ते १४४० रुंद बसतं, दोन्ही बाजूंना २४० पिक्सेल उरतात. ताणून भरलं तर माणसं ३३ टक्के रुंद होतात. हा पर्याय मी विचारातही घेत नाही. कापून भरलं तर पाव उंची जाते, म्हणजे ५७६ ओळींतल्या ४३२ उरतात. व्हीएचएसला एवढं सोसत नाही. शिवाय त्या काळच्या कॅमेरामनने चौकट ४:३ धरूनच बांधलेली असते: अंतरपाट, त्यावर डोकावणाऱ्या मुंडावळ्या, खाली हातातले हार. कुठून कापणार? त्यामुळे लग्न पूर्ण ४:३ मध्येच ठेवलं, बाजूला गडद सपाट रंग. त्याच चित्राची धूसर प्रत मागे लावायची पद्धत मला पटत नाही. पुढची हालचाल कडेला पुन्हा दिसते आणि डोळा चेहऱ्यावरून ढळतो.

उभ्या व्हिडिओंचं गणित वेगळं. ४के मध्ये उभं घेतलेलं चित्र २१६० बाय ३८४०. त्यातून १६:९ चा तुकडा काढला तर २१६० बाय १२१५ मिळतो, १०८० च्या टाइमलाइनला पुरून उरतो. चेहरा वर-खाली सरकत असेल तर कीफ्रेमने (वेळेनुसार जागा ठरवणाऱ्या खुणांनी) चौकटही हलवता येते. फुल एचडीत उभं घेतलेल्याचा तुकडा मात्र जेमतेम १०८० बाय ६०७, म्हणजे पावणेदोन पटीहून जास्त ताणावा लागतो आणि मऊ पडतो. अशा तीन क्लिप शेजारी शेजारी लावल्या: प्रत्येकी ६०८ रुंद, मिळून १८२४, उरलेल्या ९६ पिक्सेलच्या २४ च्या चार फटी. नाचाच्या प्रसंगाला हे फार छान बसतं. आवाज मात्र एकाच क्लिपचा ठेवावा.

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं आवर्जून सांगावं, म्हणजे मूळ फाइल येते. मोबाइलचा फ्रेम रेट बदलता असतो, लांब भाषणात त्यामुळे ओठ आणि आवाज सुटू शकतात. म्हणून हँडब्रेक या कन्व्हर्टरमधून कायम ३० फ्रेम करून घेतलं.

हॉलचा प्रोजेक्टर आधी पाहून या. बरेच जुने प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८, म्हणजे ४:३ असतात. आस्पेक्ट सेटिंग १६:९ किंवा ऑटोवर हवं. ४:३ वर राहिलं तर सगळी फिल्म बाजूंनी दाबली जाते. बरोबर लावल्यावरही लग्नाच्या भागाला चारही बाजूंनी रिकामी जागा दिसेल. म्हणून त्या भागावरची नावं आणि तारखा ४:३ चौकटीच्या आत, मोठ्या अक्षरात टाकल्या.