न्योर्डलिंगेन: आधी म्युझियम, मग मनोरा (आणि सकाळी ९ च्या आधी गाडीत बसू नका)

आधी ६० युरोचं सांगते, कारण ते अजून डोक्यातून जात नाहीये. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात 'बायर्न तिकीट' मिळतं, एका तिकिटात राज्यभरच्या साध्या गाड्यांनी दिवसभर फिरता येतं. निघण्याआधी ज्या व्हिडिओवर विसंबले त्यात छातीठोकपणे सांगितलेलं, दिवसभर कुठेही फिरा. पण सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी ९ नंतरच चालतं! आम्ही सोमवारी ऑग्सबर्गहून त्याच्या आधीची गाडी पकडली, टीसी आला, तिकीट बघितलं, घड्याळ बघितलं आणि शांतपणे ६० युरोची पावती फाडली. सहा हजारांच्या आसपास गेले. भाचा तिथेच शिकतो पण त्याच्याकडे महिन्याचा पास, त्यामुळे त्यालाही हे माहीत नव्हतं. वाद घालू नका, नियम तिकिटावरच छापलेला असतो. शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्टीला ९ ची अट नाही.

आता गावाचं. माझं माहेर मेहकर, लोणार अगदी जवळ, शाळेच्या सहली, पाहुणे आले की लोणार, सगळं लहानपण त्या काठावर गेलंय. त्यामुळे जर्मनीत उल्का आदळून झालेल्या विवरात अख्खं गाव वसलंय म्हटल्यावर मला जायचंच होतं. नेटवर सगळीकडे एकच फोटो: वरून घेतलेला, लाल छपरांचं गोल गाव आणि भोवती गोल तटबंदी. मला वाटलं तटबंदी म्हणजेच विवराचा काठ. चूक! गाव जेमतेम किलोमीटरभर रुंद आहे आणि विवर तब्बल २४ किमी. आपलं लोणार १.८ किमी, म्हणजे विचार करा. तटबंदीचा आणि उल्केचा काही संबंध नाही, ती १३२७ मध्ये बादशहा लुडविगच्या हुकमाने बांधायला घेतली.

हे मला कळलं दुसऱ्या दिवशी, कारण रीस क्रेटर (म्हणजे हेच विवर) म्युझियम सोमवारी बंद. त्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही थेट डॅनियलवर चढलो, म्हणजे सेंट जॉर्ज चर्चचा ९० मीटरचा मनोरा. ३५० पायऱ्या. खाली दगडी गोल जिना, वर लाकडी, जेवण करून पाठीवर सॅक घेऊन चढलो तर शेवटच्या टप्प्यात पोटऱ्या थरथरायला लागल्या. ज्यांना रायगड पायऱ्यांनी जमतो त्यांना हे काहीच नाही, पण जिना अरुंद आहे आणि समोरून कुणी आलं की भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. मध्ये एक मोठं लाकडी चाक दिसतं, माणसं आत चालून ते फिरवायची आणि सामान वर खेचायची, तिथे थांबा, दमही खाता येतो. तिकीट वर गेल्यावर काढायचं, सुटे युरो रोख ठेवा. वर पोचले आणि काय दिसलं? छपरं, शेतं, लांबवर झाडीची एक बुटकी रांग. विवर कुठेय? मी भाच्याला तीनदा विचारलं. तो म्हणाला, "मावशी, मला पण सगळं सपाटच दिसतंय." मन खट्टू झालं अगदी.

मंगळवारी म्युझियम. १५०३ च्या जुन्या कोठारात आहे, आणि तिथे एकदम उलगडा झाला. साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी हे विवर झालं, मग इथेही लोणारसारखं सरोवर होतं, पण ते गाळाने भरून गेलं, म्हणून आज सपाट शेतं. आणि ती झाडीची बुटकी रांग, तोच काठ! लोणारसारखंच यालाही लोक आधी ज्वालामुखीचं म्हणायचे, १९६० मध्ये शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांना इथल्या दगडात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं, जे जबरदस्त धडकेच्या दाबाने तयार होतं, आणि वाद मिटला. १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर शेपर्ड आणि मिचेल इथे दगड ओळखायला शिकायला आले होते. चंद्रावरून आणलेला दगडसुद्धा ठेवलाय.

म्युझियममधून निघाले ती थेट परत डॅनियलवर. भाचा खालीच बसला. दुसऱ्यांदा ३५० पायऱ्या, पाय भरून आलेले, पण आता वर उभं राहून नजर त्या झाडीवरून गोल फिरवली आणि पूर्ण काठ दिसला हो, चहूबाजूंनी! अंगावर काटा आला. म्हणून सांगते, आधी म्युझियम मगच मनोरा, आणि सोमवार पूर्ण टाळा.

चर्चच्या भिंतीला हात लावून बघा. करडा-हिरवट दगड, मध्ये काळ्या काचेचे तुकडे, हाच सुएव्हाइट, त्या धडकेत बनलेला. त्यात हिरे आहेत हे खरं, पण इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. 'भिंती चमकतात' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तटबंदीवरून छपराखालच्या वाटेने पूर्ण गावाला फेरी मारता येते, २.७ किमी, फुकट. पाच दरवाजे लागतात, कुठूनही चढा. उंच लोकांनी तुळया सांभाळा. कातडी कमावणाऱ्यांची जुनी वस्ती छान आहे, फोटो काढून पुढे व्हा. मारिया होलच्या कारंज्यापाशी मात्र थांबा. १५९३-९४ मध्ये चेटकीण म्हणून धरलेली खानावळवाली, ६२ वेळा छळ केला तरी कबूल झाली नाही आणि शेवटी सोडावं लागलं. मी तिथे बराच वेळ बसले.

एक रात्र राहाच, दिवसात उरकू नका. रात्री १० ते १२ दर अर्ध्या तासाला मनोऱ्यावरून पहारेकरी ओरडतो, 'सो, ग्झेल, सो!' या हाकेची गोष्ट अशी सांगतात की १४४० मध्ये पैसे खाऊन पहारेकऱ्यांनी एक दरवाजा उघडा ठेवलेला, एक डुकरीण त्याला अंग घासत होती म्हणून एका बाईच्या ते लक्षात आलं आणि गाव वाचलं. हाक ऐकायला पाच मिनिटं आधी चर्चपाशी जाऊन उभे राहा, जॅकेट घालून, बोलणं बंद ठेवून. आम्ही १० ची ऐकली, मग साडेदहाचीही.