फिर्यादीत नसलेला संशय

तालुक्याच्या बातमीदाराची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, रात्री साडेनऊला आली. मथळा त्यानंच दिला होता : 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून'. मराठी पेपर वाचणाऱ्या कुणालाही हा मथळा पाठ असतो. दोन कॉलमांत नेमका बसतो आणि डेस्कवर त्याला कुणी हरकत घेत नाही.

डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान सुटायला तासभर होता. एवढ्या वेळात गुन्ह्याच्या बातमीत वय, गाव, शुद्धलेखन तपासायचं आणि 'संशयित' लिहिलंय ना ते बघायचं, एवढंच होतं. पण या कॉपीत एक वाक्य होतं : 'ती सतत मोबाइलवर बोलत असल्याने त्याच्या मनात संशयाचे भूत शिरले.' हे कोण म्हणतंय याचा कुठेच पत्ता नाही. बातमीदाराला फोन लावला.

"ठाण्याच्या साहेबांनी सांगितलं, मॅडम."

"साहेबांना कुणी सांगितलं?"

"आरोपीनंच. कबूल केलंय त्यानं."

"आणि फिर्याद कुणाची आहे?"

"तिच्या भावाची. पण ती वाचली नाही, साहेबांनी तोंडीच दिली बातमी."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता फिर्यादीचा फोटो पाठव. पोरगा चांगला आहे, पावसात पुन्हा ठाण्यात गेला. तिरका, अर्धा सावलीतला फोटो आला. तो मोठा करून एकेक ओळ वाचली. बहीण एमआयडीसीत पॅकिंगला जायची. पगार तिच्या खात्यात यायचा, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात. टेम्पोचे हप्ते थकले की माहेरहून पैसे आण म्हणून मारहाण. आणि शेवटून तिसऱ्या ओळीत : तिनं याच ठाण्यात आधी तक्रार दिली होती, ती अदखलपात्र म्हणून नोंदवून नवऱ्याला 'समज' दिली होती. मोबाइलचा, संशयाचा एक शब्द त्या दोन पानांत नव्हता.

हे वाचून मी अक्षरशः थरथरत होते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं २३. कोर्ट ज्याला हात लावत नाही, ते आपण बातमीच्या पहिल्या ओळीत घालतो, तेही मारणाऱ्याचं म्हणणं खुनाचं कारण म्हणून. खोडून काढू शकली असती ती बाई शवविच्छेदनाच्या टेबलावर असते. शिवाय 'संशय' छापला की ठाण्याचीही सुटका होते. अदखलपात्र नोंदीवर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासच करता येत नाही. पैशासाठीच्या छळाचं कलम, पूर्वी भारतीय दंड संहितेचं ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं ८५, तेव्हा लावलं असतं तर तो दखलपात्र गुन्हा झाला असता. साहेबांनी ब्रीफिंगमध्ये ही तक्रार का गाळली, हे कळायला फार हुशारी लागत नाही.

मथळा बदलला : 'पत्नीचा खून, छळाची तक्रार आधीच पोलिसांत'. वृत्तसंपादक म्हणाले, "उद्या बाकी सगळ्या पेपरांत संशयच येईल. आपणच चुकलो असं वाटेल." मी फिर्याद पुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि पान सोडलं. माणूस सरळ आहे, कागद दिसला की मान्य करतो. डिजिटलवाल्यांचं तसं नाही. त्यांनी नऊ चाळीसलाच मूळ कॉपी चढवली होती, सोबत डोकं गुडघ्यात खुपसून बसलेल्या बाईचं तेच ते साठवणीतलं चित्र. मथळा बदला म्हटलं तर उत्तर आलं, "चाललीय चांगली, राहू दे सकाळपर्यंत."

जगभरच्या बातम्यांची दर पाच वर्षांनी एक मोजदाद होते. बातमीत जी माणसं दिसतात, बोलतात, त्यांत बायका १९९५ साली १७ टक्के होत्या, २०२० मध्ये २५. आमच्या त्या कॉपीत बोलणारे तिघे होते : साहेब, साहेबांच्या तोंडून आरोपी आणि एक शेजारी. भावाची फिर्याद ठाण्यात पडून होती. हे दुखणं जुनं आहे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, तेव्हा 'पुणेवैभव' पत्रानं समस्त बायकांच्या वर्तनावर तोंडसुख घेतलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे त्यावर उसळल्या, आणि १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' आली. बाईला दोष देता, मग पुरुषाचं काय, हा त्यांचा सवाल वर्तमानपत्राला होता. मराठीतलं स्त्रीवादी लेखन असं बातमीशी भांडून सुरू झालं, हे पत्रकारितेच्या वर्गात कुणी शिकवत नाही. शिकवायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या भावाचा फोन आला. "ताई, पेपरात बरोबर आलंय. पण गावात पेपर कोण वाचतंय? ग्रुपवर ते मोबाइलचंच फिरतंय. आईला शेजारणी येऊन विचारतात, कुणाशी बोलायची म्हणून." तोवर वेबसाइटवरचा मथळा मी भांडून बदलून घेतला होता, पण स्क्रीनशॉट कसे परत घ्यायचे? त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

आधीच्या तक्रारीवर काय कारवाई झाली, असं पोलीस ठाण्याला लेखी विचारलंय. उत्तर आलेलं नाही. बातमीदार पाठपुरावा करतोय आणि हल्ली अशा प्रत्येक कॉपीसोबत फिर्यादीचा फोटो न मागता पाठवतो. बाकी तालुक्यांतून अजून 'साहेबांनी सांगितलं' एवढंच येतं.