गुळव्याचा मार्च

शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मोठ्या माणसांना पुढची वाट सांगायची, हे माझं काम. कोल्हापूरच्या दसरा चौकापासून चालत पाच मिनिटांवर आमची खोली. एक टेबल आणि माहितीपत्रकांचा गठ्ठा. त्या गठ्ठ्यावर माझा फार भरवसा होता.

मामा तिसऱ्यांदा आले ते जूनमधल्या भर पावसात. वय ४३, शाळा आठवीपर्यंत, करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर. आधी मीच त्यांचा १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी द्यायचा फॉर्म भरून दिला होता, वेळापत्रकावर लाल पेनानं खुणाही केल्या होत्या. दोन वर्षं फी भरली, दोन्ही वर्षं परीक्षेला गैरहजर. मनात म्हटलं, यांचे नुसतेच हेलपाटे.

"अभ्यास होत नाही का?"

"अभ्यास हुतोय की. पर मार्चात काहिल सोडून कसं यायचं, म्याडम?"

काहिल म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई. तिच्याखालचं चुलवाण दिवाळीच्या सुमाराला पेटतं ते थेट मार्चअखेरपर्यंत. पाक तयार झाला का, ते गुळव्यानंच सांगायचं. थोडा पाक गार पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी वळून बघायची, मगच काहिल उतरायची. जरा उशीर झाला की काहिलीतलं अख्खं आधण बिघडतं. अशा माणसाला मी दोनदा मार्चातली परीक्षा नेमून दिली होती. 'सीझन कधी असतो?' एवढंही कधी विचारलं नव्हतं.

एनआयओएसचं, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं पत्रक गठ्ठ्याच्या तळाशी होतं. दहावीला पाच विषय, पण एकदम द्यायची सक्ती नाही. नोंदणी ५ वर्षं चालते, ९ संधी मिळतात. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मराठी माध्यम आहे. गणित न घेताही चालतं, हे मी जरा जोरातच सांगितलं.

"गणित घेणार," मामा म्हणाले. "जलमभर वजनंच केल्यात."

पुढच्या एप्रिलात, चुलवाण थंड झाल्यावर त्यांनी दोनच विषय दिले. मराठीत ७१, गणितात ३६. पास व्हायला ३३ लागतात. पेढे आणले ते ३६ चे. ७१ चा विषयसुद्धा काढला नाही.

निकालाच्या भरात मी म्हटलं, "उरलेले तीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकून टाका."

मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं. "म्याडम, दिवाळी कवा हाय बघा की."