सुपरव्हायझर खोलीतच पाहिजे

सायकियाट्रिक सोशल वर्कमध्ये एमफिल करते म्हटलं की आमच्या इकडे पहिला प्रश्न ठरलेला, म्हंजे तुमी डॉक्टर न? नाही हो. गोळ्या नाही देत मी, घरच्यांना एकत्र बसवून बोलतं करते. आणि ते नीट जमतंय का हे कोणीतरी सिनियर बघत असतं, त्याला सुपरव्हिजन म्हणतात.

आता हे बघणं बहुतेक कागदावरच होतं. सेशन झालं की रात्री आठवून आठवून लिहायचं, कोण काय बोललं, मी काय विचारलं, मग सर सवडीने लाल पेनने शेरे मारणार. एकट्या पेशंटचं तसं भागतं. पण एका खोलीत पाच जण असले की आजी बोलत असताना सून कुठं बघत होती, बाप खुर्ची दाराकडं ओढून का बसला, हे माझ्या वहीत येणारच नाही, कारण मी तेव्हा पुढचा प्रश्न जुळवत असते.

म्हणून ही फॅमिली थेरपी, म्हंजे अख्ख्या घराला सोबत घेऊन केलेले उपचार, जिथं वाढली तिथं शिकवणारे आधीपासून हजर राहायचे. या थेरपीतलं मोठं नाव मिनुचिन, त्यांच्या अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या क्लिनिकमध्ये सुपरव्हायझर एकतर्फी, म्हंजे एकाच बाजूने दिसणाऱ्या काचेमागे बसायचा आणि सेशन चालू असतानाच आत फोन करायचा. इटलीतल्या मिलानच्या गटात दोघं थेरपिस्ट आत, दोघं काचेमागे.

आमचं पोस्टिंग यवतमाळ जिल्ह्यात, खोली लसीकरणाची, तिथं कुठली आलीय काच. रेकॉर्डिंग म्हटलं तर लोक घाबरतात, व्हॉट्सॲपवर गेलं तर? बरोबरच आहे त्यांचं. मग सर सरळ कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात.

एक केस सांगते, तपशील बदललेत. दहावीतलं पोट्टं, शाळेची वेळ झाली की पोट दुखतं, तपासण्या सगळ्या नॉर्मल. काहीही विचारा, उत्तर आजीच देणार. सर मधेच म्हणाले, "आजी, इकडं माझ्याजवळ बसा न, मले ऐकू कमी येते." (सरांचे कान एकदम शाबूत आहेत.) आजी उठली, मधली खुर्ची रिकामी झाली, मी बापाला तिथं बोलावलं, आणि नवराबायको पहिल्यांदा शेजारी बसले. मग मी पोराला विचारलं, आई रडते ते घरात सगळ्यात आधी कोणाला कळतं? तो म्हणाला, "मलेच." बापाने मान वर केली. पोटदुखीचं पुढचं सगळं काम तिथून सुरू झालं. लाल पेनने हे कसं शिकवणार होते?

जिनोग्राम, म्हंजे घरातल्या माणसांचा आणि नात्यांचा नकाशा, काढताना पण असंच. पुरुष चौकोन, बाई गोल, भांडणाला नागमोडी रेघ, सगळं पुस्तकात आहे, पण कर्ज कोणाच्या नावावर आहे याला चिन्हच नाही. सर म्हणतात बाजूला लिही, सोसायटी, सावकार, बचत गट, आणि परतफेडीची चिंता कोण करतं तेही. कापसाचे पैसे यायच्या आधी घरातली भांडणं का वाढतात ते त्याशिवाय कागदावर दिसतच नाही.

मैत्रीण म्हणते, सर असे मधे बोलले तर घरच्यांचा तुझ्यावरचा विश्वास नाही का उडणार? मला तरी तसं दिसलं नाही. खरी अडचण उलटीच आहे, मोठे सर दिसले की सगळे खुर्च्या त्यांच्याकडं फिरवतात. त्यावर सर मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत बसतात आणि कोणी विचारलंच तर म्हणतात, "ताईले सांगा, केस तिची आहे."