मिग-२१ चं नाक आणि आपलं ऊन

आजचा सगळा दिवस मिग-२१ या लढाऊ विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलच्या नाकात गेला. १/७२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्यात, या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम १० सेंटिमीटर, पण भार सगळा मागे. पुढे वजन घातलं नाही तर ते शेपटीवर बसतं, आणि बॉडीचे दोन अर्धे चिकटवल्यावर वजन घालायला वाटच उरत नाही. आठवडी बाजारात गळाला बांधायचं शिसं मिळतं, ते कॉकपिटच्या पुढच्या पोकळीत इपॉक्सीनं बसवा. त्याआधी सगळं टेपनं जोडून मागच्या चाकांच्या जागी दोन बोटांवर तोला. नाक खाली झुकलं पाहिजे.

बऱ्याच वर्षांनी छंदाकडं परतलेल्यांनो, ट्यूबमधला घट्ट गोंद सोडा, तो पॅनलच्या रेषा, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या बारीक रेघा, खातो. पातळ सिमेंटचा, म्हणजे प्लॅस्टिक जोडायच्या पाण्यासारख्या गोंदाचा, ब्रश सांध्याला नुसता टेकवा, ते आपोआप आत ओढलं जातं. मग २४ तास हात लावू नका. कॅनोपीला, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला, सुपरग्लू नकोच, वाफेनं ती पांढरी पडते.

रंगाचं मात्र विदर्भात वेगळंच. मे महिन्यात टिनाखाली ॲक्रिलिक फवारा विमानावर पोचायच्या आधीच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. रंगात रिटार्डरचे, म्हणजे रंग सावकाश वाळवणाऱ्या द्रवाचे, २-३ थेंब टाका, काम पहाटेच उरका, कूलर बंद ठेवा. कापसाचा तंतू बसलाच तर ओल्यात ओढू नका, रंग पूर्ण वाळल्यावर १००० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाणी लावून घासा.

जुने डिकल, म्हणजे विमानावर पाण्यानं चिकटवायची चिन्हं, पिवळे पडले असतील तर पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवा. आठवडाभराच्या उन्हात पिवळेपणा बराच उतरतो.