मनातली इच्छाही त्याला ऐकू येते

आज तान्हा पोळा झाला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा: लाकडी बैल घेऊन घरोघरी जायचे आणि बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागायचा. माझा मुलगा नील बैल घेऊन घराबाहेर पडला नाही, आणि त्याचे मला फारसे दुःखही नाही. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या तो जे बोलला, ते मात्र मनातून जात नाही. “आई, तू मला ‘जा’ म्हणाली नाहीस, पण तुला वाटून राहिलं होतं. मला दिसत होतं.”

बैल त्याने आपणहून सजवला होता. शिंगांना सोनेरी बेगड, पाठीवर माझ्या जुन्या ब्लाउजपीसची झूल, आणि झुलीच्या काठाने टिकल्या. प्रत्येक दोन टिकल्यांमध्ये करंगळी ठेवून तो अंतर मोजत होता. मी शेजारी भाजी निवडत बसले होते आणि ‘छान’ हा शब्दही जाणूनबुजून गिळत होते, कारण कौतुक केले की पुढचे काम तितकेच चांगले करण्याचे ओझे त्याच्यावर येते. मग संध्याकाळी शेजारच्या काकू दारात आल्या आणि प्रेमानेच म्हणाल्या, “काहून रे, अजून घरीच? चाल न लवकर, सारे पोट्टे बोजारा मागत फिरून राहिले.” नीलने बैल दिवाणाखाली ढकलला आणि स्वतःही आत शिरून बसला. काकूंना तो हट्ट वाटला. सासूबाईंना काय वाटले, ते आज लिहीत नाही.

एलिझाबेथ न्यूसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात नॉटिंगहॅम येथे अशाच, साधी मागणीही झेपत नसलेल्या मुलांचे वर्णन केले आणि 2003 मध्ये त्यांचा त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यालाच आता पीडीए (पॅथॉलॉजिकल डिमांड अव्हॉइडन्स, म्हणजे कोणतीही मागणी टाळण्याची अनावर गरज) म्हणतात, आणि बहुधा ते स्वमग्नतेचेच (ऑटिझमचे) एक रूप मानले जाते. डीएसएम-5 किंवा आयसीडी-11 या डॉक्टरांच्या निदानसूचींत मात्र त्याला स्वतंत्र निदानाचे स्थान नाही. आपल्याकडच्या 2016 च्या कायद्यातील 21 अपंगत्वांमध्ये स्वमग्नता आहे, म्हणून नीलचे प्रमाणपत्र तरी निघाले. पण हवीहवीशी गोष्टसुद्धा कोणी ‘कर’ म्हटल्याबरोबर अंगातून नाहीशी होते, हे लिहायला त्या कागदावर रकाना नाही. माझ्या स्वतःच्या निदानाच्या अहवालातही नाही. तो नीलच्या अहवालानंतर आला आणि तोवर माझे अर्धे आयुष्य ‘आळशी’, ‘उलट्या डोक्याची’ हे ऐकण्यात गेले होते.

नीलला काय झाले, ते मला म्हणूनच आतून कळते. स्वयंपाकघरातून “आई, पाणी दे” अशी हाक आली की माझा जबडा आवळला जातो. ज्या मुलांसाठी जीव टाकते, त्यांनाच पेलाभर पाणी देताना माझे शरीर धोका आल्यासारखे ताठ होते. भूक लागली तरी, भूक हाच एक हुकूम वाटून, मी जेवायला उठत नाही. त्यात माझ्या मुलीचा, रेवाचा एडीएचडी (लक्ष टिकवणे अवघड जाणारी अवस्था): तिला दर थोड्या वेळाने आठवण करून द्यावी लागते, आणि तिला केलेली ती आठवण नीलच्या कानावर पडली तरी तो बिथरतो. एकीला टोकल्याशिवाय चालत नाही, एकाला टोकलेले चालत नाही, आणि टोकण्याचे काम आले आहे ते माझ्याकडे. आज दुपारी, रेवा तिच्या बाबांबरोबर नागपूरच्या महाल भागात मारबतीची (मोठ्या पुतळ्यांची) मिरवणूक पाहायला गेलेली असताना, मला फार रडू आले. माझ्या वाट्याला कोणी का नाही, ज्याला माझ्याकडून काहीच नको आहे, असे वाटले.

आम्ही या घरात आज्ञा जवळजवळ बंद केल्या आहेत. मे महिन्यात ‘चप्पल घाल’ असे न म्हणता ‘अंगणातली फरशी तापली आहे’ एवढेच मी म्हणते आणि दुसरीकडे पाहते. रेवासाठी फोनवर गजर लावले आहेत. यंत्राने सांगितलेले तिला चालते आणि नीलही ते सोसतो. बोलण्यातून हुकूम गेले म्हणजे ते घरातूनच गेले, असे मी धरून चालले होते. पण इच्छेचे काय करायचे? सगळ्या पोरांबरोबर त्याने मिरवावे, खिशात बोजाऱ्याची नाणी खुळखुळत घरी यावे, असे मला वाटत होतेच. आई असून असे वाटायचेच नाही, हे मला जमणार नाही, आणि जमावे असेही वाटत नाही.

माझी आईसुद्धा कधी बोलून दाखवत नसे. ती नुसती दारात उभी राहायची. तिच्या त्या उभे राहण्याने मला जितके कोंडल्यासारखे व्हायचे, तितके बाबांच्या ओरडण्यानेही होत नसे. न बोललेल्या गोष्टीला ‘नाही’ म्हणायची सोय नसते, म्हणून असेल. पुढचे मात्र मला आज रात्रीच उमगले: मी इच्छा लपवते तेव्हा नीलला ती दिसतेच, फक्त तिला नकार देण्याची वाट मी बंद करून टाकते.

म्हणून मी त्याला सरळ सांगितले, “हो, मला वाटत होतं तू जावंस. ते माझं वाटणं आहे. तू गेला नाहीस तरी मला चालतं.” तो थोडा वेळ छताकडे पाहत राहिला.

“मग तूच घेऊन जा न बैल.”

खरे तर तो बैल दिवाणाखालून काढून हातात घ्यावा, असे मला संध्याकाळपासून वाटत होते. पण त्याने म्हटले आणि ती इच्छा तत्क्षणी विरली, खांदे ताठ झाले. नील कोपरावर उठून माझ्याकडे निरखून पाहत होता.

“तुला पण झालं न आत्ता?”

“झालं,” मी म्हणाले. त्याने समाधानाने मान हलवली आणि टिकल्यांमधले अंतर एका बाजूला कसे चुकले आहे, ते मला सविस्तर सांगायला सुरुवात केली.